याकूबभाई आकडा विचारत नसत

याकूबभाई पेवेकरांना बीफ खाताना मी कधी पाहिलं नाही. मस्कतपासून सलालाहपर्यंत कितीतरी हॉटेलांत, इस्पितळांत आणि कामगारांच्या कॅम्पांत त्यांच्या देखरेखीखालून गेलेलं मांस शिजायचं, आणि हे स्वतः दोन्ही वेळा मासळी-भात खायचे. धर्माचा यात काही संबंध नव्हता. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "दातात अडकतंय." मग थोड्या वेळाने, जरा आवाज उतरवून, "आणि मेल्या, दिवसभर ज्यांची तोंडं बघायची, त्यांनाच घेऊन जेवायला काय बसायचं?"

गेल्या महिन्यात ते गुहागरकडे आपल्या गावी वारले. मस्कतच्या घाला भागातल्या आमच्या ऑफिसात दुपारी छोटीशी शोकसभा झाली. त्यांच्या तालुक्यातला मी एकटाच, म्हणून मला बोलायला लावलं. मी बोललो. कष्टाळू होते, गुरांचे जाणकार होते, युद्धाच्या काळात त्यांनी मांसाचा तुटवडा पडू दिला नाही. सगळं खरं होतं. लोकांनी माना डोलावल्या, चहा घेतला. जे बोललो नाही ते इथे लिहितो आहे. बोलणं मला मुळात जमत नाही. आयुष्यात एकदाच नको तिथे भडाभडा बोललो, त्याचीच ही गोष्ट आहे.

मी त्या कंपनीत सप्लाय प्लॅनर आहे. म्हणजे गुरं बोटीने येतात, सलालाहच्या यार्डात पोसली जातात, मग त्यांचं मांस होऊन ट्रकने वर जातं, तर कुठल्या आठवड्यात कुठे किती जाईल हे घालातल्या एसीत बसून ठरवणारा माणूस. घरी मी हे कधी धड सांगितलं नाही. वडील शाळामास्तर. आईला मी 'फ्रोझन फूड' एवढंच सांगितलं होतं. ती शेवटपर्यंत वाटाणे समजत होती. शेजारणींना सांगायची, तिकडे वाळवंटात वाटाणे होत नाहीत ना, म्हणून आमच्या मुलाला फार मागणी. मी तिला कधी सुधारलं नाही.

याकूबभाईंना हे ठाऊक होतं. म्हणून मला हाक मारायची झाली की "काय रे, वाटाण्याच्या व्यापाऱ्या", आणि मूड चांगला असला की "मास्तरच्या पोरा". माझं नाव त्यांनी बहुधा पगाराच्या कामाशिवाय कधी उच्चारलं नसेल.

सलालाहचं यार्ड त्यांच्या ताब्यात होतं. कोकणातल्याच एका कृषी महाविद्यालयात ते पशुसंवर्धन शिकलेले होते, आणि ते कोणाला विसरू देत नसत. "आमच्या कालेजात" अशी सुरुवात झाली की खुर्ची ओढून बसायचं. ठेंगणे, रुंद, डोक्यावर ओमानी टोपी, अंगात अर्ध्या बाह्यांचा सफारी, पायात गमबूट. गमबुटात गाडी चालवायचे. गाडीच्या डॅशबोर्डात कायम सुक्या बोंबलांची पुडी. ती कशाला, तर वास घ्यायला. "एसीचा वास डोक्यात जातो," म्हणायचे. त्यांच्या गाडीत बसणाऱ्याचं काय डोक्यात जातं, ते त्यांनी कधी विचारलं नाही.

जगातल्या बऱ्याच गोष्टींबद्दल त्यांची मतं ठाम आणि चुकीची असत. मधुमेह चालण्याने वाढतो, कारण चाललं की भूक लागते. वकील आणि वटवाघूळ दोघांनाही उजेडात दिसत नाही. क्रिकेटचा निकाल ते आदल्या दिवशी सांगत, आणि दुसऱ्या दिवशी पंचाला दोष देत.

पण गुरांच्या बाबतीत ते वेगळेच होत. बोट लागली की फळीच्या टोकाशी उभे राहायचे. एकेक जनावर फळीवरून उतरून त्यांच्या समोरून जायचं आणि ते ओठ घट्ट मिटून मोजायचे. शेवटचं उतरलं की कोणीतरी विचारणारच, "किती आली, याकूबभाई?"

"पुरी आली."

"पुरी म्हणजे किती?"

"कागदावर लिवतो ना. तोंडाने कशाला?"

मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, आखडूपणा आहे. नंतर लक्षात आलं, ते स्वतःच्या बाबतीतही तसेच होते. गावी त्यांची हापूसची बाग होती. बागेतला आंबा दर मे महिन्यात आमच्या ऑफिसात यायचा, गवतात गुंडाळलेला, आणि कोणीतरी आंबा चोखता चोखता विचारायचा, "कलमं किती आहेत, याकूबभाई?"

"पोटापुरती."

त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याने एकदा मला गुपचूप विचारलं होतं, तुम्हाला माहीत आहे का. म्हणजे मेव्हण्यालाही नव्हतं.

मी पहिल्यांदा सलालाहला गेलो तेव्हा त्यांनी मला यार्ड दाखवायच्या आधी समुद्रावर नेलं. ताका नावाच्या गावाच्या पुढे किनाऱ्यावर लांबच लांब पट्टा चांदीसारखा चमकत होता. जवळ गेल्यावर नाकाला कळलं. तारली. सुकत घातलेली तारली मासळी, जिथवर नजर जाईल तिथवर.

"खायला एवढी?" मी म्हटलं.

"खायलाच. पण आपल्याला नाय. गुरांना."

मला वाटलं थट्टा चालली आहे. पण खरंच, उन्हाळ्यात डोंगरावरचं गवत वाळलं की तिथले लोक गाई-उंटांना सुकी तारली चारतात. पोती भरभरून वर जातात. मी तोंड वाकडं केलं असणार.

"मास्तरच्या पोरा," याकूबभाई म्हणाले, "तुमची गाय शाकाहारी. इथली गाय कोकणी हाय."

मग त्यांनी मूठभर तारली उचलून नाकाशी नेली आणि जाणत्या माणसासारखी मान हलवली. किनाऱ्यावरच्या प्रत्येक ढिगाचा मालक त्यांना ओळखत होता. कुणाच्या ढिगात वाळू, कुणाची अर्धवट सुकलेली, कुठली पोती कुठल्या वाटेने वर जातात, याच्या गप्पा ते तासन्‌तास मारत. मी कंटाळून गाडीत बसलो. फार उशिरा मला कळलं की ते त्या वेळी गुरं मोजत होते.

त्याचं असं आहे. सलालाहच्या मागच्या डोंगरातले लोक पिढ्यान्‌पिढ्या गाई पाळतात. गाय म्हणजे इभ्रत. विकायला काढत नाहीत. एखादा बैल, एखादी भाकड गाय, ती पण ओळखीच्या माणसाला. आणि कोणाकडे किती गुरं आहेत हे तिथे विचारत नाहीत. आपल्याकडे जसं भरलेल्या पाळण्याकडे बघून कोणी "काय गुटगुटीत आहे" म्हटलं की आई पटकन तीट लावते, तसं. आकडा तोंडातून निघाला की नजर लागते.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. याकूबभाई मला बखीतकडे घेऊन गेले.

बखीत म्हणजे त्या डोंगरातला एक म्हातारा. सुकलेला, ताठ, कमरेला खंजीर, आणि डोळ्यांत कायम थोडीशी मस्करी. याकूबभाई दर आठवड्याला त्याच्याकडे जात, काम असो नसो. आम्ही गेलो तेव्हा चुलीवर दगड तापत होते. दुधाच्या भांड्यात त्याने एक तापलेला दगड सोडला, दूध चर्रकन उकळलं, आणि ते फेसाळ दूध एकाच वाडग्यातून सगळ्यांना. दुधाला किंचित मासळीचा वास होता. मी डोळे मिटून प्यायलो. याकूबभाई मिशीला फेस लागेपर्यंत प्यायले आणि "हमदुलिल्ला" म्हणाले. मग पावसाची चौकशी, मुलांची चौकशी, गुडघ्यांची चौकशी. गुरांचं नाव नाही. मला वाटलं, एवढ्या लांब कशाला आलो आपण? म्हणून मी माझ्या मोडक्या अरबीत विचारलं, "कम बगरा इंदक?" तुझ्याकडे गाई किती?

 बखीतने माझ्याकडे बघितलं, मग आभाळाकडे बघितलं, आणि म्हणाला, "अल्लाला माहीत."

याकूबभाई एकदम खो खो हसले. माझ्या पाठीवर थाप मारून बखीतला म्हणाले, हा शहरातला आहे, ह्याला गाय आणि उंट एकत्र उभे केले तर लहान कोण तेवढं सांगेल. बखीतही हसला. वेळ निभावली.

उतरताना ताका आलं. मग म्हणाले, "तुझ्या घरी येऊन कोणी तुझ्या आईला विचारलं, कपाटात सोनं किती, तर?"

"सॉरी. पण मग तुम्हाला कसं कळतं?"

त्यांनी तारलीचा हिशोब तेव्हा सांगितला. कुठल्या वाटेला किती पोती, कुठलं पोतं किती दिवस पुरतं, दावणीच्या किती दोऱ्या झिजलेल्या आहेत, वाडग्यातलं दूध किती दाट आहे. ते ऐकताना मला त्यांच्या कालेजाबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

"म्हणजे तुम्हाला सगळ्यांचा आकडा माहीत आहे."

"माहीत असणं वेगळं. सांगणं वेगळं," ते म्हणाले, आणि बोंबलाची पुडी काढली.

मग उत्तरेकडे युद्ध पेटलं. ओमान त्यात नव्हता. पण बोटी त्यात होत्या. आफ्रिकेतून गुरं आणणाऱ्या मालकांनी विम्याचं कारण सांगून एक बोट रद्द केली, मग दुसरी, मग फोन उचलणं बंद केलं. गोठवलेल्या मांसाचे कंटेनर कुठल्या कुठल्या बंदरांत अडकून पडले. घालात माझा फोन दिवसभर वाजायचा. निझव्याचा एक खाटीक रोज सकाळी फोन करून फक्त "यल्ला?", म्हणजे निघालं का, एवढंच म्हणायचा आणि मी "इन्शाल्ला" म्हणायचो. त्यापलीकडे आमच्यात बोलणं नव्हतं.

"ईदच्या आधी खलास होतंय युद्ध," याकूबभाईंनी जाहीर केलं. ईद आली आणि गेली. मी आठवण करून दिली, तर म्हणाले, "कुठली ईद ते मी बोललो नव्हतो."

पण मांसाचं त्यांनी नीट धरलं. यार्डात होती ती गुरं त्यांनी तीन वाटे करून लावली. बैल आणि भाकड गाई आधी. गाभण गाई आणि कालवडी एकदम पलीकडच्या कुंपणात, आणि त्या कुंपणाच्या फाटकाची किल्ली स्वतःच्या गळ्यात, ताईताशेजारी. "आज कालवड कापलीस तर पुढल्या साली काय कापशील? वाटाणे?" मांस जाण्याचा क्रमही त्यांनीच ठरवला: इस्पितळं, मग कामगारांचे कॅम्प, मग बाजार, आणि सगळ्यात शेवटी मोठी हॉटेलं. एका पंचतारांकित हॉटेलचा मुख्य आचारी त्यांच्यावर फोनवर इंग्रजीत बराच वेळ ओरडत होता. यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हिंदीत म्हणाले, "साब, मछली खाओ. दिमाग ठंडा रहता है."

आणि दर आठवड्याला डोंगरातून एक ट्रक उतरायचा. कुणाचे दोन बैल, कुणाचा एक खोंड, कुणाची म्हातारी गाय. ते घरोघर जाऊन दूध पिऊन यायचे आणि मागोमाग ट्रक यायचा. कुणाला आकडा विचारला नाही, कुणावर दबाव नाही. लोकांना कळत होतं की शहराला गरज आहे, आणि मागणारा याकूब आहे. तेवढं पुरत होतं. पण जेमतेम.

आता माझ्याकडे येतो. येणं भाग आहे.

घालात एक मोठी मीटिंग ठरली. आमचे अर्बाब, म्हणजे कंपनीचे मालक, आणि वाटपाचं बघणाऱ्या सरकारी खात्यातले दोन अधिकारी. प्रश्न एकच होता: पुढचे काही महिने पुरेल एवढं मांस आहे का? नसेल तर एकतर कॅम्पांचा पुरवठा निम्म्यावर आणायचा, नाहीतर याकूबभाईंच्या त्या पलीकडच्या कुंपणातल्या कालवडी काढायच्या. आदल्या दिवशी मी त्यांना फोन केला.

"डोंगरात एकूण किती असतील? माझ्यापुरतं सांगा. मला नुसता अंदाज आला तर मी कालवडी वाचवू शकतो."

पलीकडे बराच वेळ गुरांच्या हंबरण्याचा आवाज येत राहिला.

"तुझ्यापुरतं?"

"माझ्यापुरतं."

त्यांनी सांगितलं. एकूण सांगितलं, आणि मला खात्री वाटावी म्हणून बखीतच्या वाटेचा हिशोब फोडूनही सांगितला. मग म्हणाले, "तोंडातून काढू नकोस हां, मास्तरच्या पोरा."

"नाही काढणार."

मीटिंगमध्ये अर्बाबने विचारलं, डोंगरात गुरं आहेत म्हणतात, किती आहेत हे कोणाला माहीत आहे का?  मी गप्पच राहतो अशा वेळी. ती माझी ख्याती आहे. पण त्या दिवशी त्या खोलीत एकट्या मलाच उत्तर माहीत होतं. असं आयुष्यात मला फार वेळा झालेलं नाही. मी आकडा सांगितला.

"अंदाजे?" खात्यातल्या एकाने विचारलं. भुवई उंचावली होती त्याने.

इथेसुद्धा मी थांबू शकलो असतो. अंदाजेच, असं म्हणालो असतो तर बहुतेक काही झालं नसतं. पण ती भुवई मला झोंबली. मी म्हटलं, "अंदाजे नाही सर. बखीत नावाच्या एकट्या म्हाताऱ्याकडेच एवढ्या आहेत." आणि आकडा सांगितला.

कालवडी वाचल्या. कॅम्पांचं मांस निम्म्यावर आलं नाही. अर्बाबने जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. कोणीही मला आजवर दोष दिलेला नाही, हीच यातली अडचण आहे.

पुढच्या आठवड्यात खरेदी करणारी माणसं मोठे ट्रक घेऊन वर गेली. आमच्याच कंपनीची, पण वेगळी. सभ्य होती, भाव उत्तम दिला, जबरदस्ती काही नाही. फक्त बखीतच्या अंगणात उभं राहून त्यांनी त्याचं अभिनंदन केलं, की तुझ्याकडे इतक्या गाई आहेत, माशाल्ला, त्यातल्या थोड्या दे. आकडा मोठ्याने म्हणाले. बायका-मुलं, शेजारी, सगळे ऐकत होते. ज्याच्याकडे किती आहेत ते कोणाला माहीत नाही, त्याला नाही म्हणता येतं. बखीतला म्हणता आलं नाही. त्याने दिल्या. त्यांत तीन कालवडी होत्या.

दुसऱ्या दिवशीपर्यंत बातमी डोंगरभर झाली. लोकांनी गुरं पलीकडच्या उतारावर हाकलली. त्यानंतर वर गेलेले ट्रक रिकामे उतरले. मोठेही आणि याकूबभाईंचा लहानही. हॉटेलांचं मांस बंद करून यार्डातल्या उरलेल्या बैलांवरच त्यांनी पुढचे दिवस रेटले. मग खरीफ लागला. इथे पावसाळ्याला खरीफ म्हणतात. तेव्हा डोंगरावर दिवसेंदिवस धुकं असतं आणि उतार निसरडे होतात. बखीतच्या दोन दुभत्या गाई धुक्यात घसरून दरीत गेल्या. दर खरीफात कुणाची ना कुणाची जातेच. हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलं आहे.

त्या दिवसांत एकदा याकूबभाईंचा फोन आला.

"बखीतकडे गेलो होतो."

"काय म्हणाला?"

"काय नाय म्हणाला. ज्यूस दिला."

मला समजलं नाही.

"वीस वर्षं दूध देतंय ते मला. आज डबा दिला. मँगो. थंडगार." थोडं थांबून म्हणाले, "स्ट्रॉ पण होती."

मी म्हटलं, "याकूबभाई, ते माझ्यामुळे..."

"मला ठाऊक हाय."

"मी येतो, मी त्याला सांगतो की तुम्ही नव्हतं सांगितलं, मी..."

"काय सांगशील? मी नव्हतं सांगितलं? मग तुला स्वप्न पडलं?" आवाज अजिबात चढलेला नव्हता. "माझ्या तोंडातून तुझ्या कानात गेलं तेव्हाच तीट पुसली. पुढे ते कुठे गेलं, तुझ्या मीटिंगीत गेलं का मशिदीच्या भोंग्यावरून, काय फरक? मी त्याला बोललो, मीच सांगितलं."

"आणि तो?"

"बोलला, पी. गरम होईल."

याचा त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही. मीही काढला नाही. मी काढायला हवा होता.

ते मात्र दर आठवड्याला वर जात राहिले. ट्रक न्यायचा नाही, काही मागायचं नाही. ज्यूस पिऊन यायचं. त्यांना मधुमेह होता. सलालाहच्या डॉक्टरने रिपोर्ट बघून विचारलं, चाचा, गोड काय खाता? हे म्हणाले, काही नाही, एका माणसाकडे ज्यूस पितो. डॉक्टर म्हणाला, मग त्याला नको म्हणा. याकूबभाईंनी डॉक्टर बदलला.

युद्ध संपलं असं कोणी जाहीर केलं नाही. एक दिवस बोट आली, एवढंच. याकूबभाई फळीच्या टोकाशी ओठ मिटून उभे राहिले. किती आली म्हणून मी विचारलं नाही. पलीकडच्या कुंपणातल्या कालवडी तोवर व्यायला लागल्या होत्या. त्यांनी गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि राजीनामा दिला. डोळ्यांना धुरकट दिसायला लागलं होतं. "वकिलासारखं," म्हणाले.

निरोपाला मी सलालाहला गेलो. पुन्हा खरीफ होता. केक कापून झाल्यावर ते म्हणाले, "चल, वर जाऊ."

"मी नको."

"तूच पायजेस. गाडी कोण चालवणार? मला दिसतंय कुठे?"

धुक्यातून दिवे लावून चढलो. बखीत घराबाहेर घोंगडी पांघरून बसला होता. मला त्याने ओळखलं. गाय आणि उंटातला फरक न कळणारा, असं काहीतरी म्हणाला. पण हसला नाही. आम्ही बसलो. पाऊस, गुडघे, मुलं. चुलीवर दगड तापत होते, पण दूध काही दिसत नव्हतं. याकूबभाईंनी सांगितलं, मी कायमचा चाललो.

बखीतने बराच वेळ दाढी खाजवली. मग विचारलं, तिकडे जाऊन काय करशील?

"आंब्याची बाग आहे."

बखीत थोडा पुढे झुकला. डोळ्यांत ती जुनी मस्करी क्षणभर दिसली, की धुक्यामुळे मला तसं वाटलं, कोण जाणे.

"कम?" त्याने विचारलं. किती?

मला वाटलं, आता "पोटापुरती". याकूबभाईंनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. एकदा माझ्याकडे बघितलं. मग बोटांवर मोजायला सुरुवात केली. वरच्या अंगाची, खालच्या अंगाची, वडिलांनी लावलेली, स्वतः लावलेली. वाऱ्याने मोडून पुन्हा फुटलेलं एक, ते धरायचं की नाही यावर स्वतःशीच थोडा विचार केला आणि धरलं. मग सगळं मिळवून अरबीत, स्वच्छ, मोठ्याने आकडा सांगितला. शेजारच्या दोन-तीन पोरांनी ऐकला. बायकांनी ऐकला. मीही ऐकला.

"माशाल्ला," बखीत म्हणाला आणि उठून आत गेला.

परत आला तेव्हा एका हातात वाडगा होता. चुलीतला दगड त्याने चिमट्याने उचलून दुधात सोडला. दूध चर्रकन उकळलं. वाडगा याकूबभाईंच्या हातात दिला.

दुसऱ्या हातात डबा होता. मँगो. तो मला दिला. मी स्ट्रॉ खोचून संपेपर्यंत प्यायलो.

 परतताना याकूबभाईंच्या मिशीला फेस तसाच होता. ताका आलं, किनाऱ्यावर तारली झाकून ठेवलेली होती, त्यांनी काच खाली करून वास घेतला, आणि मग बाहीने मिशी पुसली. दुसऱ्या दिवशी विमानतळावर ट्रॉली ढकलत आत गेले ते वळून न बघता. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ते गाडीतलेच येतात, काच खाली केलेले.

परवाच्या शोकसभेत चहा घेताना हिशोब खात्यातला एक नवीन मुलगा माझ्याजवळ आला. याकूबभाईंना त्याने पाहिलेलं नव्हतं, पण पेटीतला आंबा खाल्ला होता.

"सर, केवढी मोठी बाग असेल ना त्यांची? किती झाडं होती?"

मला तो आकडा माहीत आहे. अजून तोंडपाठ आहे, वाऱ्याने मोडलेलं धरून.

"पोटापुरती," मी म्हटलं.